सनद, घटना, संविधान : कल्याण कॅम्पपासून बदलापूर स्टेशनपर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा आम्ही तो लोकलमधल्या एका रोजच्या सोबत्याला सांगितला. म्हटलं, 'घटना' या शब्दावर बोलायचंय, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचे दाखले घेऊन. तो चटकन म्हणाला, "म्हणजे बदलापूरची घटना का?" त्याच्या डोळ्यांसमोर ऑगस्ट २०२४ होता आणि आमच्या डोक्यात नोव्हेंबर १९४९. शब्द मात्र दोघांचा एकच. मराठीत हा घोळ रोजचाच आहे. इंग्रजीत 'इन्सिडंट' वेगळा आणि 'कॉन्स्टिट्यूशन' वेगळं. आपल्याकडे अपघात, गुन्हा, वाढदिवस आणि देशाचा मूलभूत कायदा, सगळं 'घटना'. हा घोळ आहे की त्यात काही अर्थ आहे, इथून सुरुवात करू. आणि हो, टिपण आम्ही दोघांनी मिळून केलंय, म्हणून सगळीकडे 'आम्ही' येणार. त्या 'आम्ही'बद्दलही पुढे बोलायचंच आहे.

संस्कृत धातू 'घट्'. त्यावरून आपलं 'घडणे'. आता 'घडणे' याचे मराठीत दोन अर्थ: एक, काहीतरी होणं, दुसरा, आकाराला येणं. पाऊस पडला, पूर आला, हे घडलं. मडकं घडलं, दागिना घडला, माणूस घडला, हेही घडलं. म्हणजे 'घटना' या एका शब्दात जे होऊन गेलं ते आहे आणि जे जोडून-जुळवून उभं केलं तेही आहे. डॉ. आंबेडकरांना 'घटनेचे शिल्पकार' म्हणतो तेव्हा आपण दुसरा अर्थ घेतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये, शिलाहार राजा मामवाणीच्या काळात पूर्ण झालं, तिथल्या शिलालेखात तो शक आहे. ते मंदिर ज्या अर्थाने 'घडवलं', त्या अर्थाने राज्यघटना घडवलेली आहे. सुटे दगड आधीही होतेच. कुठला कशावर बसवायचा, भार कुणी घ्यायचा, हे ठरवणं म्हणजे घटना.

'संविधान' हा शब्दही काही १९४९ मध्ये आकाशातून पडला नाही. संविधान म्हणजे नीट लावणी, योजना. जुनी नाट्यपरीक्षणं वाचणाऱ्यांना 'संविधानक' माहीत असेल. नाटकाचं संविधानक सैल आहे, संविधानक बांधेसूद आहे, असं समीक्षक लिहीत. म्हणजे कथानकाची जुळणी. पात्रं कधी आत येणार, कधी बाहेर जाणार, गाठ कुठे बसणार. आमच्या आधीच्या पिढीतल्या नाटकवेड्या माणसाला 'संविधान' ऐकून आधी रंगभूमी आठवली असती, संसद नंतर. इंग्रजी 'कॉन्स्टिट्यूशन'चा आणखी एक अर्थ, शरीराची मूळ ठेवण, आपण 'प्रकृती' या शब्दाकडे सोपवला. वात, पित्त, कफ. 'त्यांची प्रकृती नाजूक आहे' हे वाक्य इंग्रजी शब्द धरून उलटं वाचलं तर देशालाही लागू पडेल, पण ते जाऊ द्या.

रोजच्या वापरात मात्र बहुतेकांची 'घटने'शी पहिली गाठ मंडळाच्या सभेत पडते. संस्थेची घटना! गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, क्रीडा मंडळ, कामगार संघटना, प्रत्येकाची घटना असते. अध्यक्ष किती वर्षांसाठी, सभेची नोटीस किती दिवस आधी, कोरम किती. अंबरनाथ हे कारखान्यांचं गाव. विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, नंतर एमआयडीसी. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीसाठी संघटनेचे लेखी नियम सक्तीचे केले. त्यामुळे देशाची घटना तयार व्हायच्या वीस-बावीस वर्षं आधीपासून कामगार माणूस 'युनियनच्या घटनेप्रमाणे' हे शब्द उच्चारू शकत होता. अलीकडे हा छोटा अर्थ एकदम मोठा झाला. शिवसेनेतल्या फुटीनंतर १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी निर्णय दिला, त्यात प्रश्नच हा होता की पक्षाची १९९९ ची घटना धरायची की २०१८ ची. ठाणे जिल्ह्यात चहाच्या टपरीवर लोक पक्षघटनेतल्या पदांवर वाद घालत होते. निर्णय बरोबर की चूक यात आज शिरायचं नाही. एवढंच, की कपाटात धूळ खात पडलेला कागद अचानक सगळ्यांना हवासा झाला.

या सगळ्याच्या आधीचा मराठी शब्द आहे 'सनद'. फारसीतून आलेला, पेशवाईच्या दफ्तरात जागोजाग दिसणारा. इनामाची सनद, वतनाची सनद. मॅग्ना कार्टाला आपण सनद म्हटलं, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यालाही सनद. आणि 'कॉन्स्टिट्यूशनल'ला आपला शब्द झाला 'सनदशीर'. १९०७ च्या सुमाराला मवाळ आणि जहाल यांच्यात हा शब्द मोठा कळीचा होता. गोखले सनदशीर चळवळीची व्याख्या करत होते. टिळकांच्या बाजूचा मुद्दा असा, की ज्या देशाला सनदच नाही तिथे सनदशीर कशाला म्हणायचं? इथे आहे तो दंडविधानाचा कायदा, तो बदलायचा अधिकार आपल्याकडे नाही. म्हणजे फार तर 'कायदेशीर' म्हणा. शब्दच्छल वाटतो, पण नाही. सनद वरून दिली जाते आणि देणारा ती काढूनही घेऊ शकतो. घटना घडवणारे आपण असतो. सनदेकडून घटनेकडे जाणं म्हणजे हात पसरण्याकडून हात लावण्याकडे जाणं. मधला एक मराठी टप्पा औंधचा. १९३९ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी स्वराज्याची घटना जाहीर करून सत्ता गावपंचायतींकडे सोपवली. त्यात गांधीजींचा सल्ला होता आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांचा हातही. राजानेच दिली म्हणून ती सनद, लोकांनी चालवली म्हणून घटना. दोन्ही.

आता उल्हासनगर. इथे आम्हाला जरा थांबायचंय.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ बराकी उभ्या राहिल्या, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसं, विशेषतः जानेवारी १९४८ च्या कराची दंगलीनंतर, बोटींनी मुंबईला उतरली आणि त्यांतली सुमारे एक लाख या पाच कॅम्पांत आली. आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं.

आता तारीख लक्षात ठेवा. ८ ऑगस्ट. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, दिल्लीत संविधान सभेत डॉ. आंबेडकर नागरिकत्वाची कलमं घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीला दुसऱ्या कशाने इतकी डोकेदुखी दिलेली नाही. पुढचे दोन दिवस त्यावर वाद झाला. विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांचं म्हणणं होतं की अशाने भारताचं नागरिकत्व फार स्वस्त होईल. दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू किंवा शिखाला थेट हक्क द्यावा अशीही दुरुस्ती त्यांनी मांडली. आंबेडकरांच्या मसुद्यात धर्माचं नाव नव्हतं. होत्या त्या तारखा. दोन मराठी माणसं दिल्लीत इंग्रजीत वाद घालत होती आणि विषय अप्रत्यक्षपणे कल्याण कॅम्पातल्या बराकी हा होता.

शेवटी मंजूर झालं ते आजचं कलम ६. पाकिस्तानात गेलेल्या भागातून आलेला माणूस, ज्याचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म अखंड हिंदुस्थानातला. तो १९ जुलै १९४८ च्या आधी आला असेल आणि तेव्हापासून इथेच राहत असेल, तर आपोआप नागरिक. अर्ज नाही, फॉर्म नाही. १९ जुलै हीच तारीख का? कारण त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झालं. त्यानंतर आलेल्याने अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंदणी करायची, आणि अर्जाआधी सलग सहा महिने भारतात राहिलेलं असलं पाहिजे. हा अर्ज संविधानाच्या प्रारंभापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वी, झालेला हवा.

थोडं गणित करू. ज्या दिवशी उल्हासनगरला नाव मिळालं त्याच दिवशी, ८ ऑगस्ट १९४९ ला, एखादं कुटुंब कल्याणला उतरलं असं धरा. त्यांचे सहा महिने भरणार ८ फेब्रुवारी १९५० ला. मुदत संपलेली २६ जानेवारीला. तेरा दिवसांनी गाडी चुकली. पलीकडच्या बराकीतला शेजारी, त्याच गावचा, त्याच भाषेचा, वर्षभर आधीच्या बोटीने आलेला, तो काही न करता नागरिक. आणि हे कुटुंब त्या कलमाच्या बाहेर. त्यांच्यासारख्यांना नोंदणीचा पुढचा रस्ता १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने मिळाला. आणि कलम ३२६ प्रमाणे मत देण्यासाठी आधी नागरिक असावं लागतं. मधल्या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली. सिंधमधले बहुतेक लोक जुलै १९४८ च्या आधीच आले होते, हे खरं. पण मागून येणारे असतातच. आजारी आजी, मालमत्ता विकायला मागे राहिलेला काका. तारखेने रेघ ओढली की रेघेवर कुणीतरी उभा असतोच. तरीही धर्माच्या रेघेपेक्षा तारखेची रेघ आम्हाला न्याय्य वाटते. तारीख माणसाला तू कोण असं विचारत नाही, कधी आलास एवढंच विचारते.

आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. आपण २६ नोव्हेंबर स्वीकृतीचा आणि २६ जानेवारी अंमलाचा दिवस असं पाठ करतो. पण कलम ३९४ वाचा. काही मोजकी कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, आणि त्यांत नागरिकत्वाची ५ ते ९ ही आहेत, निवडणूक आयोगाचं ३२४ ही आहे. उघड आहे, फॉर्म भरून घ्यायचे तर कलम आधी जिवंत पाहिजे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसासाठी संविधान जानेवारीत आलं असेल, कॅम्पातल्या माणसाच्या दारात ते दोन महिने आधी येऊन उभं राहिलं, हातात फॉर्म घेऊन. मतदार यादीचं काम तर त्याच्याही आधी सुरू झालं होतं. ऑर्नित शनी या इतिहासकार बाईंनी आपल्या पुस्तकात दाखवलंय की १९४८ मध्येच, संविधान मसुद्यात असताना, निर्वासितांनी 'आम्ही इथेच कायम राहणार' एवढं जाहीर केलं तरी त्यांची नावं प्राथमिक यादीत घ्यावीत अशा सूचना गेल्या होत्या, आणि देशभरातून लोक मसुद्याच्या कलमांचा हवाला देऊन पत्रं लिहीत होते. घडणं आणि घडवणं हे असं एकाच वेळी चाललं होतं.

इथे तो 'आम्ही' येतो. मराठीत दोन 'वुई' आहेत, हे हिंदीवाल्यांना किंवा इंग्रजीवाल्यांना सांगितलं की गंमत वाटते. 'आपण' म्हणजे समोरचा धरून. 'आम्ही' म्हणजे समोरचा वगळून. 'आम्ही जेवायला चाललो' आणि 'आपण जेवायला जाऊ' यांतला फरक उपाशी माणसाला विचारा. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला उद्देशिका असते, आणि ती सुरू होते 'आम्ही, भारताचे लोक' अशी. आपण नव्हे, आम्ही. मग हे कुणाला उद्देशून? समोर कोण आहे, जो यात नाही? बराच विचार करून आमचं मत असं झालं की भाषांतरकारांनी बरोबर केलं. हे वाक्य जगासमोर उभं राहून बोललेलं आहे. आजवर तुम्ही आमचे कायदे केले, आता आम्ही. पण वाक्याच्या शेवटी ते संविधान 'स्वतःप्रत अर्पण' होतं, म्हणजे तोंड फिरवून आपल्याच माणसांकडे बघितलं जातं. तिथे आतल्या आत ते 'आपण' होतं. १९४९ च्या कॅम्पात हा व्याकरणाचा प्रश्न नव्हता. आम्ही त्या 'आम्ही'त आहोत का, हे विचारायला माणसं रांगेत उभी होती.

भाषेच्या बाबतीत तर त्यांना आणखी थांबावं लागलं. आठव्या अनुसूचीत आधी चौदा भाषा होत्या. मराठी होती, सिंधी नव्हती. ज्या भाषेला भारतात स्वतःचा प्रांतच उरला नाही तिला कुठे बसवायचं? १० एप्रिल १९६७ ला एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी आत आली. उल्हासनगरात तो दिवस अजून साजरा होतो. सीमेपलीकडे सिंधीत आणि उर्दूत संविधानाला 'आईन' म्हणतात, 'दस्तूर'ही म्हणतात. 'आईन' आपल्याला 'ऐने-अकबरी'मुळे माहीत, आणि 'दस्तूर' तर मराठीतही आहे, रिवाज या अर्थाने आणि 'दस्तुरखुद्द'मध्ये. कराचीत राहिलेला भाऊ 'आईन' म्हणणार आणि कॅम्प चारमधला भाऊ 'संविधान'. घर एक, शब्द दोन.

आणि आपला जुना 'सनद' शब्द? तो उल्हासनगरात अजून नांदतोय. निर्वासितांना दिलेल्या बराकी, ब्लॉक, भूखंड यांची मालकी १९५४ च्या भरपाई आणि पुनर्वसन कायद्याखाली त्यांच्या नावावर झाली, आणि त्या कागदाला इथे सनदच म्हणतात. घर घेताना पहिला प्रश्न, "सनद आहे का?" नसेल तर भाव पडला. पुढे बनावट सनदांची प्रकरणं झाली, अनधिकृत इमारतींवर हायकोर्टाचा बडगा आला, आणि २००६ मध्ये केवळ या एका शहरातली बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. टिळकांना वाटलं असेल, सनद नसलेल्या देशात सनदशीर काय असणार! इथे निम्म्या गल्लीला तोच प्रश्न पडलेला असतो.

आता गाडी पुढे नेऊ. मे १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, बदलापूरला शिवजयंतीचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला आणि त्याचं अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांना दिलं गेलं. बोलावण्यात पुढाकार होता पालये शास्त्री यांचा, म्हणजे एका ब्राह्मण शास्त्रीबुवांचा. ज्यांनी सहा आठवड्यांपूर्वी पाण्याला हात लावला म्हणून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, त्यांनाच एका गावाने उत्सवाचा अध्यक्ष केलं. कायद्याने कुणी भाग पाडलं नव्हतं. कलम १७ यायला अजून बावीस वर्षं होती. हेही एक 'घडवणं'च.

पण उलटंही असतं. 'घट' वरून आणखी एक शब्द, घटस्फोट. आज तो नवरा-बायकोपुरता राहिलाय. धर्मशास्त्रात मात्र घटस्फोट हा बहिष्काराचा विधी होता. नातेवाईक जमायचे, पाण्याने भरलेला घट दासीने लाथेने उलटायचा, आणि तो माणूस जिवंतपणीच मेला असं समजायचं. बहिष्काराविरुद्ध मुंबई सरकारने १९४९ मध्येच कायदा केला. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर, तो घटनाबाह्य ठरवला. धार्मिक संप्रदायाला आपले व्यवहार चालवायचं स्वातंत्र्य आहे म्हणून. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा केला.

या नव्या कायद्याखाली एक गुन्हा अंबरनाथला नोंदला गेला, मे २०१९ मध्ये. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली होती. त्यातल्या एका कुटुंबाने तक्रार केली की आपल्याला वाळीत टाकलंय, घरातल्या म्हातारीच्या अंत्ययात्रेलाही कुणी येऊ नये असं सांगण्यात आलं. त्या वेळी वर्तमानपत्रांत असंही आलं की पंचायतीचे स्वतःचे लेखी नियम आहेत आणि त्यांनाही संविधानच म्हणतात. आम्हाला हे वाचून धक्का बसला, मग वाटलं, धक्का कशाला? मंडळाची घटना, पक्षाची घटना, तशी पंचायतीची. प्रश्न शब्दाचा नाहीच. कुठल्या घटनेतून माणसाला बाहेर पडता येतं आणि कुठल्या घटनेत बाहेर पडल्यावर तिरडीला खांदा मिळत नाही, हा आहे.

एक लहानशी नोंद. अलीकडे 'घटना' मागे पडतेय आणि 'संविधान' पुढे येतंय. जुने लोक 'घटना समिती' म्हणत, आता 'संविधान सभा' म्हणतात. केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केला तो संविधान दिन, घटना दिन नव्हे. पण तांत्रिक शब्द बघा: घटनादुरुस्ती, घटनापीठ, घटनाबाह्य, घटनातज्ज्ञ. कामाला घटना, मानाला संविधान. लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे, मोर्च्याच्या फलकावर संविधान. कोर्टात गेलात की घटना.

आणि मग ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आईबापांना तक्रार नोंदवायला तासन् तास लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दहा तासांच्या आसपास गाड्या बंद. 'आत्ताच्या आत्ता फाशी द्या' ही मागणी होती. त्या दिवशी अडकलेले कित्येकजण घरी चालत गेले आणि तरी लोकांना दोष देत नव्हते, हे आम्ही ऐकलंय. मग २४ तारखेला महाराष्ट्र बंदची हाक आली आणि २३ ला हायकोर्टाने बंद करायला मनाई केली. सक्तीचा बंद घटनाबाह्य, हे १९९७ मध्येच सुप्रीम कोर्टाने मान्य केलेलं तत्त्व. पक्षांनी तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून मूक निषेध केला. सनदशीर, म्हणायला हरकत नाही. महिन्याने, २३ सप्टेंबरला, पोलीस गाडीतून नेताना आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं आलं.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी सत्याग्रहासकट सगळे असनदशीर मार्ग सोडा म्हणून सांगितलं होतं. पण त्याला एक अट जोडली होती, ती आपण विसरतो: सनदशीर मार्ग उघडे असतील तेव्हा. पोलीस ठाण्याच्या बाकावर तासन् तास बसवलेल्या आईसाठी त्या दिवशी तो मार्ग उघडा होता का? आमच्यापैकी एकाचं उत्तर 'होता, उशिरा' असं आहे आणि दुसऱ्याचं 'नव्हता'. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि टिपणात ते तसंच ठेवलंय. लोकलमधला तो सोबती परत भेटला तेव्हा त्याला सांगितलं, तू म्हणालास तीच घटना, आणि दुसरीही. तो म्हणाला, "मग आधी बदलापूरचं बोला." आम्ही ते शेवटी बोललो. प्रश्न असतील तर घेऊ या.